मराठी अक्षरे पडद्यावर का विस्कटत होती?

शाळेच्या प्रयोगशाळेतले कपाट आवरताना एक फ्लॉपी सापडली. तिच्यावर पेनाने लिहिले होते : ‘पाऊस, आठवी, १९९९’. त्या वर्षी आठवीच्या मुलांनी चार महिने रोज सकाळी पर्जन्यमापकातले पाणी मोजले होते आणि मुठा नदीच्या काठाने हिंडून टिपणे लिहिली होती. ती सारी टिपणे आम्ही संगणकावर टंकून त्यांची वेब पाने केली होती. फ्लॉपी वाचणारे यंत्र मिळवायलाच दोन आठवडे लागले. फाइल सुखरूप उघडली. पण पडद्यावर आले ते असे : डोक्यावर टिंबे आणि तिरक्या रेघा असलेली युरोपीय अक्षरे, पौंडाची खूण, पाव-अर्धा-पाऊणची चिन्हे आणि मध्येच एखादा नीट वाचता येणारा आकडा. शेजारी उभी असलेली नववीतली मुलगी म्हणाली, “सर, व्हायरस लागलाय.”

व्हायरस नव्हता. फाइलमधला एकही बाइट बिघडलेला नव्हता. १९९९ साली हीच फाइल एका संगणकावर स्वच्छ मराठीत दिसत होती आणि त्याच दिवशी शेजारच्या संगणकावर आजच्यासारखीच गिचमिड दिसत होती. याचे कारण समजून घेतले, की संगणक अक्षर ‘जाणतो’ म्हणजे नेमके काय करतो याचाही उलगडा होतो.

संगणकाच्या स्मृतीत अक्षर नसते, क्रमांक असतो. एका बाइटमध्ये ० ते २५५ असे २५६ क्रमांक बसतात. त्यांपैकी पहिल्या १२८ क्रमांकांचा अर्थ ‘आस्की’ या अमेरिकन प्रमाणाने ठरवलेला होता : इंग्रजी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि यंत्रासाठीच्या काही सूचना. उरलेल्या १२८ जागांवर कोणी बसायचे हे देशादेशाने, कंपनीकंपनीने वेगवेगळे ठरवले. पश्चिम युरोपने तिथे फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश भाषांची टोप्या घातलेली अक्षरे बसवली. फाँट म्हणजे चित्रांचे पुस्तक. ब्राउझर त्याला म्हणतो, “२३३ क्रमांकाचे चित्र दे.” फाँट ते देतो. ते चित्र फ्रेंच ए चे आहे की आपल्या काना-मात्रेचे, याची ब्राउझरला काहीच कल्पना नसते.

आपल्याकडे यावर एक विचारपूर्वक काढलेला मार्ग होता आणि त्याचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले ‘जिस्ट’ हे भारतीय लिपींचे तंत्रज्ञान पुढे इथे वाढले. संगणकात एक जिस्ट कार्ड बसवले, की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रणालींमध्येही देवनागरी टंकता येई. यामागचे प्रमाण ‘इस्की’. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली ते आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केले. इस्कीत वरच्या भागातले क्रमांक भारतीय वर्णांना दिले होते आणि वर्ण उच्चाराच्या क्रमाने साठवायचे होते. ‘शि’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, पण म्हणताना श आधी म्हणतो आणि इ नंतर. इस्कीत श आधी, वेलांटी नंतर. ‘सूर्य’ मध्ये र हा य च्या आधी, मग पडद्यावर तो रफार होऊन य च्या डोक्यावर का बसेना!

मात्र साठवलेला वर्ण आणि दिसणारा आकार यांच्यामध्ये कोणीतरी काम करावे लागते. वेलांटी उचलून पुढे ठेवायची, क आणि ष जोडून क्ष करायचा, र चा रफार करायचा. छापखान्यातला जुळारी हे हाताने करी, जिस्ट कार्ड हे विजेच्या वेगाने करी. नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर हे ब्राउझर मात्र त्या वेळी हे करत नव्हते. ते इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी घडवलेले होते. क्रमांक घ्यायचा, चित्र काढायचे, उजवीकडे सरकायचे, एवढेच त्यांना ठाऊक.

मग मराठी पाने करणाऱ्यांनी जुगाड केला (दुसरा शब्द सुचत नाही). वर्ण साठवायचेच नाहीत, आकारांचे तुकडे साठवायचे. काना एक तुकडा, वेलांटी एक, अर्धा स एक, रफार एक. हे तुकडे युरोपीय अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवलेले फाँट तयारच होते, कारण पुस्तके-मासिके जुळवण्याचे काम अशाच फाँटांवर चालत होते. सी-डॅकचे योगेश, सुरेख, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, शिवाय शिवाजी, किरण असे मोफत मिळणारे फाँट. ब्राउझरला वाटे आपण कुठल्याशा युरोपीय भाषेतला मजकूर दाखवतो आहोत. वाचणाऱ्याला मराठी दिसे. एकच अट : तोच फाँट वाचणाऱ्याच्या संगणकावर असला पाहिजे. म्हणून त्या काळच्या अनेक मराठी संकेतस्थळांवर पहिली ओळ इंग्रजीत असे, ‘आमचा फाँट इथून उतरवून घ्या’. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसलेल्या माणसाला फाँट बसवायची परवानगीच नसे, तो काय उतरवून घेणार!

आणि फाँट असला तरी सगळे सुरळीत होईल याची खात्री नव्हती. खरी गंमत इथून पुढे आहे.

रिकाम्या खुर्च्या

पश्चिम युरोपसाठीच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात १२८ ते १५९ या जागा यंत्रसूचनांसाठी राखून ठेवल्या होत्या. मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये त्यांतल्या बहुतेक जागांवर गोलसर अवतरणचिन्हे, लांब रेघा अशी चिन्हे बसवली. त्यामुळे विंडोजवर काम करणाऱ्या फाँटकाराला या जागा मोकळ्या वाटल्या आणि त्याने तिथे मराठी तुकडे ठेवले. युनिक्सवरच्या ब्राउझरला त्या जागी अक्षर असणेच मान्य नव्हते. तो ते गाळी किंवा प्रश्नचिन्ह टाकी.

मॅकिंटॉशची गोष्ट आणखी वेगळी. ॲपलची स्वतःची २५६ जागांची यादी होती आणि तिचा क्रम निराळा होता. तिथला ब्राउझर आलेला प्रत्येक क्रमांक ‘हे कोणते युरोपीय अक्षर?’ असे विचारून आपल्या यादीतल्या क्रमांकात बदलून घेई. इंग्रजी-फ्रेंचसाठी हे अगदी योग्य. पण ॲपलच्या यादीत पाव, अर्धा आणि पाऊण या अपूर्णांकांची चिन्हे नव्हतीच. तेव्हा ज्या मराठी फाँटात या अपूर्णांकांच्या खुर्चीवर एखादा तुकडा बसला होता, तो मॅकवर नाहीसा होई. चूक कोणाचीच नव्हती. ब्राउझर अपूर्णांक शोधत होता आणि आपल्याला हवे होते जोडाक्षर.

दोन जागा तर विशेष दगाबाज. १६० ही ‘न तुटणारी मोकळी जागा’ आणि १७३ ही ‘शब्द ओळीअखेर तोडावा लागला तरच दिसणारी संयोगरेषा’. पुस्तकांच्या जुळणीत यांना कोणी विचारत नसे, म्हणून काही फाँटांत तिथेही तुकडे होते. ब्राउझर मात्र या दोन क्रमांकांना अक्षर मानतच नसत. १६० ला पुष्कळदा कोरी जागा मिळे, १७३ ला काही ब्राउझर रेघ दाखवत, काही काहीच दाखवत नसत. आमच्या फाइलमध्येही एक १६० दडलेला होता. त्याच्याकडे शेवटी येतो.

आकाराचेही असेच. विंडोज एका इंचात ९६ ठिपके धरी, मॅक ७२. म्हणजे बारा पॉइंटचे अक्षर विंडोजवर १६ ठिपके उंच आणि मॅकवर १२ ठिपके. इंग्रजी अक्षर १२ ठिपक्यांत वाचता येते. देवनागरीत त्याच १२ ठिपक्यांत वर मात्रा, अनुस्वार, मध्ये शिरोरेघ, खाली उकार बसवायचे. मग प आणि ष यांतली तिरकी रेघ दिसेना, भ आणि म एकच वाटू लागत. विद्यार्थ्यांना चौकटीच्या वहीत १६ आणि १२ चौकोनांच्या उंचीत ‘षौं’ काढायला सांगा, दोन मिनिटांत पटेल.

खोकी आणि तक्ते

हे झाले अक्षरांचे. पानाच्या रचनेतही दोन ब्राउझरांचे पटत नव्हते. नेटस्केप १९९४ च्या डिसेंबरात आला, इंटरनेट एक्सप्लोरर १९९५ मध्ये. पुढची चार-पाच वर्षे दोघे एकमेकांवर कुरघोडी करण्यासाठी नवनव्या सूचना काढत राहिले. फाँटचे नाव सांगण्याची सूचना एक्सप्लोररने काढली, नेटस्केपने १९९६ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती स्वीकारली. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘डब्ल्यूथ्रीसी’ या संस्थेने पानाच्या मांडणीचे पहिले प्रमाण, सीएसएस, प्रसिद्ध केले. पण प्रमाण छापले म्हणजे पाळले जाते असे थोडेच आहे!

एक हिशेब पाहा. मजकुराच्या खोक्याची रुंदी २०० ठिपके ठेवली, आत दोन्ही बाजूंना २०-२० ठिपके मोकळे सोडले आणि दोन्हीकडे ५-५ ठिपक्यांची चौकट काढली. प्रमाणानुसार २०० ही फक्त मजकुराची रुंदी, म्हणून एकूण खोके २०० + ४० + १० = २५० ठिपके. विंडोजवरच्या एक्सप्लोररची ५.५ पर्यंतची आवृत्ती २०० ही सगळ्या खोक्याची रुंदी धरी, म्हणजे मजकुराला उरले १५०. अशी तीन खोकी शेजारी-शेजारी ठेवली तर एकीकडे ७५०, दुसरीकडे ६००. त्या काळी पुष्कळ पडदे ६४० ठिपके रुंद होते. एका ब्राउझरमध्ये नीट बसलेला तिसरा स्तंभ दुसऱ्यात पडद्याबाहेर. २००१ च्या सहाव्या आवृत्तीत एक्सप्लोररने प्रमाणाचा हिशेब मान्य केला, तोही पान लिहिणाऱ्याने सुरुवातीला तसे जाहीर केले असेल तरच. खरे सांगायचे तर एक्सप्लोररची रीत मला अधिक सहज वाटते. खोके विकत घेताना आपण बाहेरचेच माप विचारतो. पण माप कोणते हे एकदा ठरल्यावर दोघांनी एकच पट्टी वापरायला हवी होती.

म्हणून बहुतेकांनी सीएसएस सोडून तक्त्यांचा आधार घेतला. अख्खे पान म्हणजे एक तक्ता, त्याच्या घरांत आणखी तक्ते. यातही फरक होता. तक्ता संपल्याची खूण लिहायची राहिली तर एक्सप्लोरर अंदाजाने तो पूर्ण करी. नेटस्केप त्या तक्त्यातले काहीही दाखवत नसे, पान कोरे! मी स्वतः पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मजकूर पुसला गेला असे वाटून पुन्हा टंकायला बसलो होतो. दुसऱ्या तासाला एका विद्यार्थ्याने चुकलेली खूण दाखवली.

वैतागून काही जण संपूर्ण मजकुराचे चित्रच पानावर ठेवत. ते सगळीकडे सारखे दिसे. पण ६० किलोबाइटचे चित्र म्हणजे ४८० किलोबिट, सेकंदाला २८.८ किलोबिट या वेगाच्या मोडेमवर ते यायला निदान १७ सेकंद. तोच मजकूर अक्षरांत ३ किलोबाइट, एका सेकंदाच्या आत. शिवाय चित्रातला शब्द शोधता येत नाही की बदलता येत नाही.

फाँट पानाबरोबरच धाडला तर? १९९७ मध्ये दोन्ही ब्राउझरांच्या चौथ्या आवृत्तीत ही सोय आली आणि मराठी संकेतस्थळांना केवढा तरी आधार वाटला. पण दोघांचे साचे वेगळे. नेटस्केपने बिटस्ट्रीम कंपनीचे ट्रूडॉक तंत्र घेतले, मायक्रोसॉफ्टने स्वतःचा निराळा साचा काढला. म्हणजे प्रत्येक फाँट दोनदा तयार करायचा. नेटस्केपमध्ये आधी गिचमिड दिसे आणि फाँट येऊन पोचला, की पान फिरून रंगवले जाई. मायक्रोसॉफ्टचा फाँट एका ठरावीक पत्त्याला बांधलेला असे, संकेतस्थळाने पत्ता बदलला तर तो काम करीनासा होई. पुढे २००० च्या नोव्हेंबरात नेटस्केपची सहावी आवृत्ती अगदी नव्या पायावर बांधून निघाली आणि तिच्यात ट्रूडॉकची सोय नव्हती. ज्यांनी त्यावर भिस्त ठेवली होती त्यांची पाने नव्या ब्राउझरमध्ये पुन्हा वाचेनाशी झाली.

यातून सुटका इस्कीच्या मूळ विचाराकडे परत जाऊन झाली. युनिकोड या जागतिक प्रमाणाची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तिच्यातला देवनागरी विभाग १९८८ च्या इस्कीवर बेतलेला आहे. देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक मिळाले, तेही फक्त देवनागरीचे, कोणा फ्रेंच अक्षराशी वाटून घेतलेले नाहीत. म हा २३५०, जगातल्या कोणत्याही संगणकावर. पण आकार जोडणारा जुळारी पुन्हा लागणारच होता. ते काम आता कार्यप्रणालीत आणि फाँटात आले. विंडोज २००० मध्ये देवनागरीची ही सोय होती आणि सोबत ‘मंगल’ हा फाँट. तो घडवणारे र. कृ. जोशी हे मुंबईचे नामवंत सुलेखनकार. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तो युनिकोडमध्येच.

तरी ब्राउझरांची भांडणे एका रात्रीत मिटली नाहीत. विंडोज एक्सपीवर देवनागरीची सोय चालू करायला मूळ सीडी लागे. फायरफॉक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोन्ही कडा जुळवलेल्या परिच्छेदात मराठी अक्षरे सुटी होऊन वेलांट्या भलतीकडे जात. ओळ ताणताना ब्राउझर प्रत्येक वर्ण वेगळा मोजत होता, म्हणून जोडणी मोडे. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत हे दुरुस्त झाले. त्याच वर्षी युनिकोडमध्ये ‘ॲ’ ला स्वतःची जागा मिळाली. तोवर अ वर चंद्र चढवण्याच्या निरनिराळ्या युक्त्या चालू होत्या. ‘दुसऱ्या’ मधला आपला खास मराठी अर्धा र तर दोन रीतींनी लिहिता येतो. दिसायला दोन्ही सारखे, क्रमांक वेगळे, म्हणून साधा शोध एकाला सापडला तर दुसऱ्याला सापडत नाही. फाँट पानाबरोबर धाडण्याचा सर्वमान्य साचा डब्ल्यूथ्रीसीने २०१२ च्या डिसेंबरात प्रमाण म्हणून स्वीकारला. १९९७ नंतर पंधरा वर्षांनी.

वर्गात करून पाहा

वर्गाचे तीन गट करा. पहिल्या गटाला तक्ता द्या : १ म, २ र, ३ काना, ४ ठ, ५ दीर्घ वेलांटी. दुसऱ्याला : १ प, २ काना, ३ ऊ, ४ स, ५ पूर्णविराम. तिसऱ्याला पहिल्याचाच तक्ता, पण ३ ची जागा कोरी. फळ्यावर १-२-३-४-५ लिहा. एक गट ‘मराठी’ वाचेल, दुसरा ‘पाऊस.’ आणि तिसरा ‘मर ठी’. कोणाचे चुकले असे विचारा आणि वाद होऊ द्या.

मग श, र्‍हस्व वेलांटी, क, हलन्त, ष, ण अशा सहा चिठ्ठ्या उच्चाराच्या क्रमाने सहा मुलांना द्या. एक मूल जुळारी. त्याने मुलांना हलवून ‘शिक्षण’ दिसेल असे उभे करायचे. वेलांटीवाल्याला श च्या आधी नेताना त्याने कोणता नियम वापरला, तो शब्दांत लिहायला सांगा. नियम लिहिणे हे हलवण्यापेक्षा अवघड जाते.

संगणक असेल तर आणखी एक. साध्या संपादकात ‘मराठी’ एवढेच लिहून फाइल यूटीएफ-८ पद्धतीने, बीओएम न लावता, वेब पान म्हणून जतन करा आणि पानाच्या शिरोभागी ‘कॅरसेट’ मुद्दाम ‘विंडोज-१२५२’ असा जाहीर करा. ब्राउझरमध्ये पाच वर्णांऐवजी पंधरा बाइटांची गिचमिड दिसेल. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकाचे तीन बाइट होतात. म म्हणजे २२४, १६४, १७४. म्हणून डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए दर तीन चिन्हांनी पुन्हा पुन्हा येईल. तो पाच वेळा मोजा आणि जाहीर केलेला कॅरसेट दुरुस्त करा. फाइलमधला मजकूर तोच राहील, अर्थ परत येईल.

आता आमची फ्लॉपी. १९९९ चा तो फाँट एका जुन्या संगणकावर मिळाला. मुलांनी त्याच्या सगळ्या जागांचा तक्ता छापून घेतला आणि प्रत्येक तुकड्यासमोर युनिकोडचा वर्ण लिहिला. एकास एक बदल पुरेसा नव्हता, कारण जुन्या फाइलमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी होती आणि रफार नंतर. त्यासाठी वरच्या खेळात लिहिलेलेच नियम उपयोगी पडले. मजकूर वाचता येऊ लागला. पावसाचे आकडे तर आधीपासूनच शाबूत होते, कारण आकडे नेहमीच्या जागीच बसवलेले होते.

फक्त एक गोष्ट विचित्र दिसे : ‘पज न्यमापक’, ‘सूय प्रकाश’, ‘वषा ऋतू’. या फाँटात रफाराची जागा १६० होती. पाने जतन करताना त्या वेळच्या संपादकाने १६० म्हणजे मोकळी जागा असे समजून प्रत्येक रफाराची साधी मोकळी जागा करून टाकली होती. शब्दाच्या मध्ये फट दिसली, की तिथे रफार होता हे मुले चटकन ओळखत. ‘वग ,’ असे स्वल्पविरामाआधी फट असलेले शब्दही सुटले. शब्दाच्या अगदी शेवटी रफार असेल तेव्हा मात्र पुढची खरी मोकळी जागा आणि ही खोटी, अशा दोन जागांची संपादकाने एकच केली होती. तिथे काही खूण उरली नव्हती. ‘सव’, ‘पूव’ असे शब्द मराठीत नाहीत, म्हणून ते सर्व आणि पूर्व असणार हे कळले. एका मुलीच्या टिपणात वाक्य आहे : ‘आम्ही पुलापासून नदीचा माग शोधत गेलो.’ तिने माग लिहिले होते की मार्ग, यावर नववीचे दोन तट पडले आहेत. दोन्ही जमते. त्या मुलीला पत्र पाठवले आहे.